विशेष गरजा असलेलं मूल वर्गात आलं की: नव्या शिक्षकांसाठी दिवसभराचे उपक्रम

पहिली-दुसरीचा वर्ग हाती येतो, हजेरीपटावर एक-दोन नावांपुढे ‘दिव्यांग’ अशी नोंद असते आणि नवा शिक्षक विचारात पडतो: याला वेगळं काय शिकवू? विशेष शिक्षकाला पहिला फोन बहुधा याच प्रश्नासाठी जातो. वेगळं काही शिकवायचं नसतं. वर्गात जे चाललंय तेच शिकवायचं, फक्त त्या मुलाला जमेल त्या पायरीवरून. कोपऱ्यात रंगवायची वही देऊन बसवलेलं मूल शांत बसतं खरं, पण वर्गात असूनही वर्गाबाहेर राहतं. पुढे जे लिहिलंय ते जिल्हा परिषदेच्या किंवा तशाच साध्या शाळेतल्या शिक्षकांसाठी आहे. तिथे एकाच बाईंकडे दोन इयत्ता असतात, मुलं बसकरपट्टीवर बसतात आणि विशेष शिक्षक तालुकाभर फिरत असल्याने रोज भेटत नाहीत.

पहिला आठवडा नुसतं बघा

मुलाला काय येत नाही याची यादी आधीच्या शिक्षकांकडून, कधी शेजारच्या बाईंकडूनही, न मागता मिळते. तुम्ही काय येतं ते लिहा. नाव घेतल्यावर वळून बघतो का? कुठल्या बाजूने हाक मारली तर? पुस्तक डोळ्यांपासून किती अंतरावर धरतो? पेन्सिल कोणत्या हातात? ‘दप्तर आण’ एवढं समजतं, की ‘दप्तर आण आणि वही काढ’ ही दोन कामंही लक्षात राहतात? तहान लागली, शू लागली तर कसं सांगतो? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच दिवशी आईकडून घ्या. बोलता न येणारी बरीच मुलं घरी ठरलेली एखादी खूण करतात. ती बाईंना ठाऊक नसली तर मूल ओलं होतं आणि दुसऱ्या दिवशी शाळेला यायला तयार होत नाही.

पटावर नोंद नसलेल्या मुलाबद्दलही शंका येऊ शकते. त्यासाठी एनसीईआरटीची ‘प्रशस्त’ ही तपासणी यादी आहे, तिचं अ‍ॅपही आहे. त्यातला पहिला भाग वर्गशिक्षकानेच भरायचा असतो. त्यावरून निदान होत नाही, पुढे कुणाकडे पाठवायचं एवढं कळतं. मुलांची आरोग्यतपासणी करणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा ही भरलेली यादी त्यांच्या हातात द्या. ‘हा जरा मागे आहे’ असं तोंडी सांगण्यापेक्षा त्याचा कितीतरी जास्त उपयोग होतो.

कायद्याबद्दल थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली खास अडचण) व स्वमग्नता (ऑटिझम) त्यांत येतात. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. वर्गात मदत करायला मात्र कुठलंच प्रमाणपत्र लागत नाही. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र तर आठ वर्षं वय झाल्याशिवाय मिळतच नाही. तोवर पहिली-दुसरीतल्या मुलाला अडकवून ठेवायचं कशासाठी? कागद येईल तेव्हा येईल, आपण काम सुरू करायचं.

जागा ठरवा

‘पहिल्या रांगेत बसवा’ हा सल्ला सगळ्यांना सरसकट दिला जातो आणि निम्म्या वेळा चुकतो. कमी दिसणाऱ्या मुलाला उजेड हवा असतो, पण तो पाठीमागून किंवा बाजूने. खिडकीकडे तोंड करून बसवलं तर डोळे दिपतात. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला तुमचा चेहरा दिसायला हवा, म्हणजे उजेड तुमच्या चेहऱ्यावर हवा. तुम्ही खिडकीला पाठ करून उभ्या राहिलात तर त्याला नुसती काळी आकृती दिसते. स्वमग्न मुलाला दाराजवळची, येणाऱ्या-जाणाऱ्यांची जागा नको. भिंतीकडेची, रोज तीच जागा द्या. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे स्नायूंवर पुरता ताबा नसणं) असलेलं मूल जमिनीवर बसताना कलंडत असेल तर दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात पाठ टेकवून बसवा, पुढ्यात पाट किंवा ठेंगणं टेबल ठेवा. पाठीला आधार मिळाला की हात मोकळे होतात आणि मग लिहिण्याचं बोलता येतं. खुर्चीवर बसणार असेल तर पाय लोंबकळू देऊ नका, खाली विटांवर फळी टाकली तरी चालते.

परिपाठ आणि हजेरी

इथून दिवस सुरू होतो आणि इथेच त्या मुलाला रोजचं एक काम मिळायला हवं. बोलता न येणारं मूल आजच्या वाराची पाटी उंच धरू शकतं. ओळीत उभं राहणं, लाउडस्पीकर, टाळ्या हे सगळं स्वमग्न मुलाला असह्य होऊ शकतं. त्याला ओळीच्या टोकाला, आवाजापासून लांब उभं करा. कानावर हात ठेवले तर ते बळजबरीने काढू नका.

हजेरीसाठी दाराजवळ कापडी खिशांचा तक्ता लावा. प्रत्येकाने आल्या आल्या आपल्या नावाची पट्टी खिशात घालायची. सगळ्या वर्गाने, एकट्या त्या मुलाने नव्हे. कुणाच्या पट्टीवर नुसतं नाव, कुणाच्या पट्टीवर नाव आणि फोटो, न दिसणाऱ्या मुलाच्या पट्टीवर ब्रेलमधलं नाव किंवा चिकटवलेलं ठरावीक बटण. काही आठवड्यांनी फोटो थोडा थोडा झाकत न्या. कित्येक मुलं स्वतःचं नाव सगळ्यात आधी याच पट्टीवर वाचतात.

श्रवणयंत्र वापरणारं मूल असेल तर याच वेळी एक छोटी तपासणी करून घ्या. मुलाच्या मागे उभं राहून किंवा तोंडासमोर कागद धरून सहा आवाज काढायचे: आ, ई, ऊ, म, श, स. ऐकू आला की मुलाने हात वर करायचा किंवा डब्यात एक मणी टाकायचा. सगळ्या आवाजांना रोज प्रतिसाद देणाऱ्या मुलाला आज ‘श’ आणि ‘स’ ऐकू आले नाहीत, तर सेल उतरला असेल, नळीत ओल असेल किंवा सर्दी झाली असेल. एक मिनिटाचं काम आहे, पण ते केलं नाही तर मूल दिवसभर यंत्र लावूनही अर्धवट ऐकत बसतं. पावसाळ्यात यंत्र ओलं होतं, म्हणून रात्री ते ओल शोषणाऱ्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायला आईला सांगा.

परिपाठ संपला की दिवसाचं चित्रवेळापत्रक दाखवा. हजेरी, गणित, खिचडी, खेळ, घंटा असं एकेक चित्र उभ्या ओळीत लावायचं आणि झालेल्या कामाचं चित्र काढून खालच्या पिशवीत टाकायचं. पुढे काय होणार हे दिसलं की रडारड आणि हट्ट बराच कमी होतो. ज्याला एवढंही जास्त वाटतं त्याच्यासमोर दोनच चित्रं ठेवा: आधी हे, मग ते. मात्र ‘मग’ म्हणून दाखवलेली गोष्ट द्यायचीच. एकदा फसवलं की ते मूल त्या चित्रांकडे पुन्हा बघत नाही.

गणित: एकच डबा, वेगवेगळ्या पायऱ्या

गणिताच्या तासाला ‘तेच काम, वेगळी पायरी’ सर्वांत स्वच्छ दिसते, म्हणून हा भाग जरा सविस्तर. वर्गात चिंचोक्यांचा डबा फिरवा. प्रत्येकाने मूठभर चिंचोके घ्यायचे आणि मोजायचे. दुसरीतली बरीच मुलं दहा-दहाचे गट करतील आणि दोन दशक तीन एकक असं वहीत लिहितील. त्याच गोलात बौद्धिक अक्षमता असलेली मुलगी पाचच चिंचोके मोजेल.

तिचं मोजणं जवळून बघा. तोंडाने एक, दोन, तीन, चार भराभर पुढे जातं आणि बोट अजून दुसऱ्याच बीवर असतं. आकडे पाठ आहेत, मोजणं आलेलं नाही. तिच्यासमोर दोन वाट्या ठेवा. डावीकडच्या वाटीतला एक चिंचोका उचलायचा, उजवीकडच्या वाटीत टाकायचा आणि तो पडल्याचा आवाज झाला की मगच ‘एक’ म्हणायचं. हात आणि तोंड एका चालीत यायला काही दिवस लागतात, लागू द्या. मग विचारा, ‘किती झाले?’ ती पुन्हा एकपासून सुरू करेल. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच ‘किती’, हे तिला अजून उमगलेलं नाही, असा याचा अर्थ. पुढची पायरी तीच. शेवटचा चिंचोका टाकल्यावर वाटीवर हात ठेवून तुम्ही म्हणा, ‘पाच. पाच झाले.’ मग तिने तसंच करायचं. हे पक्कं होईपर्यंत सहावर जायची घाई नको.

न दिसणाऱ्या मुलाला काठ असलेलं ताट द्या, बिया घरंगळत नाहीत. ज्याची बोटं आखडतात त्याला चिंचोक्यांऐवजी बाटल्यांची मोठी झाकणं द्या. आणि जे मूल अजून वस्तू तोंडात किंवा नाकात घालतं त्याच्या हाती बिया द्यायच्याच नाहीत, मोठे ठोकळे द्यायचे. यात हयगय नको.

संख्यानामांचा घोळ आपल्या भाषेत मोठा आहे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात, म्हणून मूल ५२ लिहितं. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला हा उलटा क्रम फार छळतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशा वाचनाची जोड दिली गेली आणि तिच्यावर बराच वाद झाला. वर्गात मला तरी ती जोड उपयोगाचीच दिसली आहे. मूल आधी ‘वीस पाच’ म्हणतं, लिहितं आणि मग त्याला पंचवीस हे नाव चिकटतं. सोबत पुठ्ठ्याच्या अंकपट्ट्या करा. २० च्या पट्टीतल्या शून्यावर ५ ची छोटी पट्टी ठेवली की २५ दिसतात, उचलली की खाली वीस तसेच.

आठवड्यातून एकदा बाजार भरवा. खेळण्यातली नाणी नकोत, खरी एक, दोन, पाच आणि दहा रुपयांची नाणी वापरा. खऱ्या नाण्याचा आकार, वजन, कड बोटांना कळते आणि वाण्याच्या दुकानात चालणारही तीच आहेत.

वाचन आणि लेखन

अक्षर डोळ्यांनी बघायचं, तोंडाने म्हणायचं आणि हाताने गिरवायचं, तिन्ही एकाच वेळी. ताटात रव्याचा पातळ थर पसरा आणि बोटाने अक्षर काढायला लावा. खरखरीत पॉलिशपेपरची कापलेली अक्षरंही चालतात. सारखी दिसणारी अक्षरं, म्हणजे घ-ध, भ-म, ब-व, एकाच आठवड्यात शिकवू नका. एक पक्कं झाल्यावर दुसरं आणा.

ऱ्हस्व वेलांटी हा मराठी वाचनातला जुना अडथळा आहे. ती लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. ‘पिशवी’ वाचताना अडखळणारं मूल बऱ्याचदा इथेच अडलेलं असतं आणि आपण त्याला ‘लक्ष दे’ म्हणत राहतो. अक्षर काळ्या रंगात आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार लाल रंगात लिहिलेल्या शब्दपट्ट्या करून बघा. ओळ सुटत असेल तर पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खिडकी कापून ती पानावरून सरकवू द्या. अशा मुलाला सगळ्यांसमोर आळीपाळीने मोठ्याने वाचायला उभं करू नका. त्याचा परिच्छेद आदल्या दिवशी सांगून ठेवा, तो घरून तयारी करून येईल.

कमी ऐकू येणारं मूल ओठ वाचतं. प, ब आणि म हे तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात. ‘पान’ म्हणालात की ‘मान’, त्याला कळायला मार्ग नाही. शब्दासोबत चित्र, वस्तू किंवा खूण द्या. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आधी लिहा, मग वळा, मग बोला. श्रुतलेखन घेताना त्याला शब्दांऐवजी छोटी वाक्यं सांगा, संदर्भावरून तो ताडू शकतो.

कमी दिसणाऱ्या मुलाला जाड काळ्या स्केचपेनने ठळक रेषा आखलेली वही द्या. मोठ्या अक्षरांतली आणि ब्रेलमधली पाठ्यपुस्तकं समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून मिळतात. मागणी मात्र वेळेत तालुक्याच्या गट साधन केंद्राकडे जायला हवी, म्हणून मुख्याध्यापकांना आदल्या वर्षाच्या अखेरीसच आठवण करा. ज्याच्या हातून पेन्सिल निसटते त्याच्या पेन्सिलीभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा आणि वहीचा कागद चिकटपट्टीने टेबलाला चिकटवा. तरीही लिहिणं जमत नसेल तर उत्तर तोंडी घ्या, चित्रावर बोट ठेवू द्या. त्याला धडा समजला का हे तुम्हाला बघायचंय, अक्षर वळणदार आहे का ते नाही.

खिचडीची सुट्टी हाही तास आहे

पोषण आहाराच्या वेळेत जे शिकून होतं ते कधी कधी अख्ख्या सकाळी होत नाही. ताटं वाटायचं काम पाच चिंचोके मोजणाऱ्या त्या मुलीला द्या. एका मुलापुढे एक ताट, मग पुढच्यापुढे. वाटीतली मोजणी इथे खरी होते. एक ताट उरलं तर कोण आलं नाही हे ती हजेरीच्या तक्त्यावर बघून सांगू शकते.

हात धुण्याचे तुकडे पाडा: नळ सुरू, हात ओले, साबण, चोळणं, पाण्याखाली धरणं, नळ बंद, पुसणं. शिकवायला सुरुवात शेवटून करा. सगळ्या पायऱ्या तुम्ही हाताला हात लावून करून घ्या आणि शेवटचं पुसणं तेवढं मुलाला एकट्याने करू द्या. ते जमलं की नळ बंद करणं आणि पुसणं त्याच्याकडे. असं मागून पुढे या. दर वेळी काम त्याच्या हातून पूर्ण होतं, ‘झालं!’ म्हणताना मूल खुलतं. डबा उघडणं, चप्पल घालणं, दप्तर भरणं हे सगळं याच पद्धतीने शिकवता येतं. भराभर उरकायचं म्हणून मदतनीस ताई किंवा सोबतीची मुलं सगळं करून देत असतील तर त्यांना प्रेमाने थांबवा.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला आडवं किंवा मान मागे टाकून भरवू नका. ताठ बसवा, लहान घास द्या, गिळून झाल्याशिवाय पुढचा नको. घरी कसं भरवतात ते आईला एकदा शाळेत येऊन दाखवायला सांगा.

मैदानावर

रोज गुण लिहायला बसवणं म्हणजे खेळातून काढून टाकणं. लगोरी बसूनही फोडता येते, नेम जवळून धरू द्या. प्लास्टिकच्या चेंडूत घुंगरू घातले की न दिसणारं मूल चेंडू शोधतं, पकडतं. नियम बदलायचे तर मुलांनाच विचारा, ‘हा आपल्यात खेळणार आहे, कसं करूया?’ मुलं जे नियम काढतात ते ती स्वतःच पाळतात. चिडवाचिडवी दिसली तर त्याच क्षणी थांबवा. ‘मुका’, ‘येडा’ ही हाक वर्गात एकदा चालली की रुळते.

फिट येणारं मूल असेल तर शाळेतल्या प्रत्येकाला हे ठाऊक हवं: आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून काही होत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८ ला फोन.

रोजची नोंद

जाड रजिस्टर नको, मुलामागे रोज एक ओळ पुरे. उपक्रम काय आणि मदत किती लागली तेवढं लिहा: हात धरून, खुणेने, सांगून, की स्वतः. ‘हात धुणं, खुणेने’ असं सोमवारी आणि ‘हात धुणं, स्वतः’ असं पुढच्या महिन्यात आलं की प्रगती कागदावर दिसते. आईलाही तेच वाचून दाखवा. ‘सुधारणा आहे’ या मोघम शब्दांपेक्षा तिला त्यातून धीर येतो. दोन-तीन आठवडे एकाच जागी अडकलं असेल तर पायरी मोठी पडली आहे, तिचे आणखी दोन तुकडे करा.

विशेष शिक्षक येतील त्या दिवशी त्यांना मुलाला घेऊन वेगळ्या खोलीत जाऊ देऊ नका. तुमच्या तासाला वर्गात बसायला सांगा, ही ओळींची वही दाखवा आणि एकच नेमका प्रश्न विचारा. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा त्यांच्यासोबत बसून भरा, कारण तो वर्गात राबवणार तुम्ही आहात. साहित्य-साधनं, त्यांसाठीचं मोजमाप शिबिर, प्रवास आणि मदतनीस भत्ता, मुलींना समग्र शिक्षामधून मिळणारा दरमहा २०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता, दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) यांची कागदपत्रं याच भेटीत मार्गी लावा. आईवडिलांचा एक दिवसाचा रोज बुडतो तेव्हा कुठे तालुक्याची एक फेरी होते, म्हणून त्यांना एकाच फेरीत सगळं जमेल अशी कागदांची यादी लिहून द्या.

एप्रिलच्या अखेरीस पुढच्या वर्गाच्या शिक्षकांसाठी एक पान लिहा. वर मुलाला काय येतं ते. खाली कुठे बसवलं की जमतं, शू लागल्याची खूण कोणती, कशाने घाबरतो, कुणाशेजारी खुलतो, सध्या कुठल्या कामात किती मदत लागते. ते पान हजेरीपटात न ठेवता हातात द्या, आणि जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाला घेऊन स्वतः त्या वर्गात जा.